शादीखाना आहे, किताबखाना कुठे आहे?

आपल्या समाजात अलीकडे एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'इक्रा'. शाळेच्या नव्या खोल्यांचे उद्घाटन असो, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार असो की एखाद्या पतसंस्थेची वार्षिक सभा असो, वक्ता उभा राहतो, घसा साफ करतो आणि सांगतो की, पवित्र कुरआनचा पहिला अवतरलेला शब्द 'वाच' असा आहे. सभागृहात 'सुभानल्लाह' होते. टाळ्या पडतात. मग ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात, बिर्याणीचे डबे फिरतात. आणि ज्या सभागृहात हा शब्द एवढ्या थाटात उच्चारला गेला, तिथे वाचण्यासारखे काय आहे म्हणून पाहावे, तर भिंतीत बसवलेल्या देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी फरशीखेरीज काहीही नसते.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात उभी हयात घालवलेला माणूस आहे. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक काय, हे पाहण्याची डोळ्यांना सवय झालेली आहे. निवृत्तीनंतर ही सवय सुटेल असे वाटले होते, सुटली नाही. फरक एवढाच की, पूर्वी मी तालुक्यांचे हिशेब तपासत असे, आता आपल्या मोहल्ल्याचा तपासतो. या हिशेबात मला एक रकाना कायम कोरा दिसतो. तो पुस्तकांचा आहे. या कोऱ्या रकान्याबद्दल मी आज भांडणार आहे. वाचकांनी रागवायचे असेल तर खुशाल रागवावे, पण आधी पूर्ण वाचावे, एवढीच विनंती.

आमच्या गावात जमातीची एक दुमजली इमारत आहे. खाली शादीखाना, वर एक लांबट खोली. त्या खोलीत अनेक वर्षे एक छोटा किताबखाना होता. तीन लोखंडी कपाटे, दोन बाके, एक टेबल, मराठी आणि उर्दू अशी दोन-दोन वर्तमानपत्रे. कुणी मुंबईहून येताना उर्दू कादंबऱ्या आणून दिल्या होत्या, कुणा निवृत्त शिक्षकाने आपला मराठी संग्रह देऊन टाकला होता. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दहा-पंधरा माणसे तिथे बसत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुले रात्री अकरापर्यंत अभ्यास करीत. मग शादीखान्याचे बुकिंग वाढले. केटरिंगवाल्याच्या देगा, ताटे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवायला जागा पुरेना. कमिटीची बैठक झाली आणि दहा मिनिटांत ठराव झाला की, वरची खोली भांड्यांसाठी द्यावी. कपाटे जिन्याखाली आली. पहिल्याच पावसाळ्यात जिन्याखाली ओल आली. पुस्तके फुगली, मग कुजली, मग एके दिवशी रद्दीवाल्याने ती वजनावर नेली. मी हरकत घेतली तेव्हा कमिटीतील एका समंजस गृहस्थाने मला समजावले, "चाचा, नाराज होऊ नका. शादीखान्याचे भाडे येते. किताबखान्यातून काय येते?"

हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला होता, म्हणूनच तो जास्त गंभीर आहे. किताबखान्यातून काय येते, हे आपल्या समाजातील एका शिकल्यासवरल्या, नेक आणि पाच वक्त नमाजी माणसाला ठाऊक नाही.

आपण बगदादच्या बैतुल-हिकमतचा मोठा अभिमान सांगतो. अल-जाहिज नावाचा लेखक पुस्तकांची दुकाने रात्रभरासाठी भाड्याने घेऊन वाचत बसे, ही जुन्या चरित्रकारांनी नोंदवलेली हकिकत आपले वक्ते रंगवून सांगतात. १२५८ साली हलाकूखानाने बगदाद बुडवले, तेव्हा दजला नदीचे पाणी शाईने काळे झाले असे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. बरोबर आहे, दाटून यावाच. पण आमच्या गावचा किताबखाना बुडवायला हलाकूखान आला नव्हता. तो आपल्याच माणसांनी बहुमताने, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांनिशी बुडवला. दजला नदीसाठी रडायचे आणि जिन्याखालच्या ओलीकडे पाहायचे नाही, या वृत्तीला मी इतिहासप्रेम म्हणायला तयार नाही.

आता या विषयावर बोलू लागले की, जी उत्तरे मिळतात ती एकेक करून पाहू.

पहिले उत्तर गरिबीचे. आपला समाज गरीब आहे, पोटाला नाही तर पुस्तके कुठून घेणार? गरिबी खरी आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०१३ साली आलेल्या महमूदुर रहमान समितीच्या अहवालाने ती आकडेवारीनिशी मांडलेली आहे. हातगाडी ओढणाऱ्या, यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला मी पुस्तके का घेत नाहीस असे विचारणार नाही. ते विचारणे निर्लज्जपणाचे होईल. मी विचारतो आहे तो नोकरदार, दुकानदार, कंत्राटदार, आखातातून पैसे पाठवणारा आणि त्या पैशांवर दुमजली घर बांधणारा जो वर्ग आता आपल्यात तयार झाला आहे त्याला. या वर्गाच्या लग्नाचा हिशेब मांडून पाहा. मेहंदी वेगळी, हळद वेगळी, निकाह वेगळा, वलीमा वेगळा. समजा, यातून केवळ डीजे, फटाके आणि आकाशातून चित्रीकरण करणारा तो ड्रोन, एवढ्याच बाबी बाजूला काढल्या आणि त्यांचा खर्च चाळीस हजार रुपये धरला. सरासरी अडीचशे रुपयांना एक याप्रमाणे त्यात एकशे साठ मराठी पुस्तके येतात. महिन्याला दोन पुस्तके वाचणाऱ्या घराला ती साडेसहा वर्षांहून अधिक पुरतील. ड्रोनचे चित्रीकरण किती वेळा पाहिले जाते, हे ज्यांच्या घरी लग्न झाले आहे त्यांनीच सांगावे. तेव्हा गरिबांच्या गरिबीआड श्रीमंतांनी लपू नये.

दुसरे उत्तर जागेचे. घरात जागा नाही. मी ज्या घरांत हे उत्तर ऐकले, त्या घरांत हॉलमध्ये भिंतभर शोकेस होती. तिच्यात काचेच्या बदका, दुबईहून आणलेला चहाचा न वापरलेला सेट, मुलाच्या ट्रॉफ्या आणि प्लास्टिकची फुले होती. जागा आहे. ती कशाला द्यायची, हे ठरलेले आहे.

तिसरे उत्तर धर्माचे आहे आणि ते जपून बोलले जाते. दीनी किताबे घरात आहेत, तेवढी पुरेत. कादंबऱ्या-कवितांनी माणूस बहकतो. दीनी ग्रंथांबद्दल मला आदरच आहे. पण रेशमी रुमालात गुंडाळून सर्वांत उंच फळीवर ठेवलेला ग्रंथ हा आदराने ठेवलेला असतो, वाचलेला असतोच असे नाही. आणि ज्ञानाची दीनी आणि दुनियावी अशी भिंत घालणाऱ्यांनी पाटण्याच्या खुदाबख्श यांचे चरित्र पाहावे. वडिलांनी मृत्युसमयी आपली सुमारे चौदाशे हस्तलिखिते मुलाच्या स्वाधीन केली आणि ती लोकांसाठी खुली करण्याची इच्छा सांगितली. मुलगा वकील. त्याने संग्रह चार हजारांवर नेला, इमारत बांधली आणि १८९१ साली ते ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले. त्यात कुरआनच्या देखण्या प्रती आहेत, तशी शाहनामे, दीवान, वैद्यक आणि इतिहासाची हस्तलिखितेही आहेत. ग्रंथ देणारा बाप आणि त्यासाठी मिळकत ओतणारा मुलगा, दोघेही पक्के मुसलमान होते. कवितेने ते बहकले नाहीत.

चौथे उत्तर तरुणांचे. ते मला रोज मिळते. "चाचा, आता पुस्तके कशाला? सगळे मोबाईलवर आहे." या मुलांशी मी भांडत नाही, कारण त्यांच्या बोलण्यात निम्मे तथ्य आहे. मोबाईलवर खरोखरच खूप काही आहे. शब्दकोश आहेत, जुनी पुस्तके आहेत, जगभरची वर्तमानपत्रे आहेत. मीही डोळ्यांना त्रास झाला की अक्षर मोठे करून त्यावर वाचतो. पण 'मोबाईलवर सगळे आहे' म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, "तू त्यातले काय पाहतोस?" तेव्हा तो हसतो. समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येकाला पोहता येत नाही. पुस्तकाला आरंभ असतो, शेवट असतो, लिहिणाऱ्याचे नाव असते, छापणाऱ्याचा पत्ता असतो. चूक असेल तर कुणाचा दरवाजा ठोठवायचा ते ठाऊक असते. मोबाईलवर फिरत येणाऱ्या मजकुराला आईबाप नसतात. तो कुणी लिहिला, का लिहिला, अर्धाच का लिहिला, हे विचारायची सवय ज्याला पुस्तकाने लावलेली नाही तो त्या मजकुराचा गुलाम होतो.

हे मी म्हातारपणाच्या किरकिरीने बोलत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती माणसे भिक्षेकरी भटक्या जमातीची होती, गावोगाव फिरून पोट भरणारी. अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याआधी जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला फेसबुकवरच्या मजकुरावरून पेटलेल्या तणावात आपला एक निरपराध तरुण मारला गेला. त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अशा वेळी मजकूर वाचून 'हे खरे कशावरून?' असे विचारणारी चार डोकी प्रत्येक गल्लीत असावी लागतात. ती डोकी तयार करण्याचे काम शादीखान्यात होत नाही. माझ्या कमिटीतील त्या मित्राला किताबखान्यातून काय येते याचे उत्तर हवे असेल, तर हे पहिले उत्तर.

आणि हा दोष केवळ इतरांचा आहे असेही कुणी समजू नये. आपल्या गटांतही रोज सकाळी काय काय फिरते ते मी पाहतो. कुठल्या तरी परदेशी शास्त्रज्ञाने इस्लाम स्वीकारल्याच्या बातम्या, ज्यात शास्त्रज्ञाचे नाव नसते. एखाद्या दवाईने मधुमेह मुळासकट जातो असे हदीसचा खोटा हवाला देऊन सांगणारे मजकूर. हे पुढे पाठवणारा माणूस सवाब समजून पाठवतो. हदीसच्या संकलकांनी एकेक वचन कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी तपासण्यात आयुष्ये घालवली. ज्यांच्या परंपरेत ऐकीव गोष्ट पारखण्याचे एवढे मोठे शास्त्र निर्माण झाले, त्यांच्या वारसांनी अंगठ्याच्या एका दाबाने कुणाचेही काहीही पुढे ढकलावे, याला काय म्हणावे?

पाचवे उत्तर सर्वांत कडू आहे आणि ते मी टाळणार नाही. मराठी पुस्तके आपली नाहीत. त्यांत आपण नसतो, असलो तर खलनायक असतो. या तक्रारीत तथ्य आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या एका मोठ्या पिकाने मुसलमान पात्राला दाढी, तलवार आणि वासना यांपलीकडे काही दिले नाही. कथा-नाटकांतला आपला माणूस बराच काळ 'हम तुम को बोलता' अशा कुणीच न बोलणाऱ्या भाषेत बोलत राहिला. शालेय वयात हे वाचताना वर्गातल्या चार मुस्लिम मुलांनी मान खाली घातली, हे आपणा सर्वांच्या आठवणीत असेल. मराठी साहित्याने याचा हिशेब द्यायलाच हवा.

पण यावर उपाय काय? पुस्तक मिटणे? ज्याने घर सोडले त्याला भिंतीवर काय लिहिले हे विचारण्याचा हक्क उरत नाही. आणि मराठीचे हे घर आपले नाही असे कुणी सांगितले? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शहा मुंतोजी बहमनी यांनी मराठीत ग्रंथरचना केली. या साऱ्यांची ओळख 'मुसलमान मराठी संतकवी' या ग्रंथातून रा. चिं. ढेरे यांनी करून दिली. सूफी संप्रदायावर सेतुमाधवराव पगडी यांनी मराठीत लिहिले. आपल्या वारशाची दफ्तरे या दोन हिंदू अभ्यासकांनी उघडली आणि आपल्यापैकी किती घरांत ती पुस्तके आहेत? बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठीत गर्जले. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले आणि त्याच वर्षी सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. इलाही जमादार यांची गझल मराठी माणसाच्या ओठांवर आहे. फकरुद्दीन बेन्नूर आयुष्यभर मराठीत विचार मांडत राहिले. मेहरुन्निसा दलवाई यांनी आपले जगणे 'मी भरून पावले आहे' मध्ये मराठीतच सांगितले. हा सगळा ऐवज आपला आहे. आपण त्याचे वारस आहोत, पण वारसा-नोंद करायला कुणी तलाठ्याकडे जात नाही.

हमीद दलवाई यांचे नाव घेतले की आजही बैठकीत आवाज चढतो. चढू द्या. पण चढलेल्या आवाजांना मी एकच प्रश्न विचारतो, "आपण 'इंधन' वाचली आहे का?" दहापैकी नऊ जणांनी वाचलेली नसते. दहावा म्हणतो, "वाचायची गरज काय, मला ठाऊक आहे." दलवाईंशी मतभेद असण्याचा प्रत्येकाला हक्क आहे; मलाही त्यांची काही मते पटत नाहीत. पण न वाचता केलेला विरोध आणि न वाचता केलेला जयजयकार यांत मला फरक दिसत नाही. भांडायचे असेल तर वाचून भांडा. निदान भांडणाला तरी अब्रू राहील.

आता भाषेकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे एक कोटी तीस लाख आहे आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारे पंचाहत्तर लाख. म्हणजे उरलेल्या लक्षावधी लोकांची मातृभाषा मराठी, हिंदी किंवा अन्य काही आहे. आमच्यासारख्या घरांत चुलीपाशी दखनी, बाजारात मराठी आणि मशिदीत उर्दू अशी तिहेरी सोय होती. तीन भाषांचे दरवाजे एका घराला होते. आज या घरांतला मुलगा इंग्रजी शाळेत जातो. जावे, मी विरोधात नाही. पण परिणाम पाहा. त्याला उर्दू लिपी येत नाही. ती त्याच्या आजोबांबरोबर कबरस्तानात गेली. मराठी तो बोलतो फर्डी, पण परीक्षेपुरती वाचतो. आणि इंग्रजी तो शिकला आहे नोकरीच्या अर्जापुरती. तीन भाषांच्या दाराशी उभा असलेला हा मुलगा एकाही घरात राहत नाही. त्याला विनोद कळतो, जाहिरात कळते, सूचना-फलक कळतो. एखाद्या माणसाच्या मनात शंभर पाने मुक्काम करून राहणे म्हणजे काय, हे त्याला कुणी कळू दिलेले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आनंद सर्वांना झाला, आम्हालाही झाला. पण दर्जा भाषेला मिळतो, वाचक तिला आपल्या घरातून द्यावा लागतो.

सार्वजनिक ग्रंथालये आहेत ना, मग वेगळ्या किताबखान्याचा हट्ट कशाला, असेही कुणी म्हणेल. प्रश्न योग्य आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो ग्रंथालये अनुदानावर चालतात. ती आपल्या करातूनही चालतात. तिथे धर्म विचारून वर्गणी घेत नाहीत. मी माझ्या गावच्या वाचनालयाचा जुना सभासद आहे. तिथल्या नोंदवहीत आपल्या समाजाची नावे बोटांवर मोजता येतील. कुणी अडवलेले नाही. आपण गेलेलो नाही. म्हणून माझी पहिली मागणी अशी की, मोहल्ल्यातील प्रत्येक कमावत्या कुटुंबाने गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. त्या निमित्ताने दोन्हीकडची मुले एका टेबलावर बसतील. दंगलीनंतर शांतता समितीच्या बैठका भरवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

पण तेवढ्याने भागत नाही, कारण आपल्या निम्म्या समाजाचे पाय तिथवर पोहोचू दिले जात नाहीत. मी आपल्या मुलींविषयी बोलतो आहे. वाचनाची खरी भूक आज त्यांना आहे. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो त्यांचे येतात. मग लग्न ठरते आणि पुस्तके माळ्यावर जातात. आमचा तो किताबखाना चालू होता तेव्हाही तिथे एकही मुलगी येत नव्हती, कारण बाकांवर सगळे पुरुष बसलेले असत. त्यांचे भाऊ पुस्तके नेत आणि बहिणी घरी वाचत. काही भाऊ चुकीची पुस्तके नेत, म्हणून बहिणी चिठ्ठीवर नाव लिहून देत. अशा चिठ्ठ्यांवर ज्या मुलींनी आपले शिक्षण पुरे केले, त्यांच्यासाठी रोज दुपारी दोन तास राखून ठेवलेली एक खोली मोहल्ल्यात असू नये? जहेजच्या यादीत कपाट असते, पलंग असतो, फ्रिज असतो. जहेजच मुळात बंद व्हावे या मताचा मी आहे. पण ज्यांना दिल्यावाचून राहवत नाही, त्यांनी त्या कपाटात साड्यांबरोबर पुस्तकेही भरून पाठवावीत. सासरी जाणाऱ्या मुलीला एकटेपणात सोबत करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

दुसरी मागणी जमातींकडे आहे. जिथे जिथे शादीखाना आहे तिथे एक खोली वाचनासाठी राखून ठेवावी आणि शादीखान्याच्या प्रत्येक बुकिंगमागे ठरावीक रक्कम पुस्तकांसाठी वेगळी काढावी. पाचशे रुपये काढले आणि वर्षात साठ लग्ने लागली, तर तीस हजार रुपये होतात. लाखभर रुपयांची बिर्याणी खिलवणाऱ्या यजमानाला पाचशे रुपये जाणवणारही नाहीत. कुणाच्या मेहरबानीची गरज नाही, अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, तेव्हा सरकार सगळे करील म्हणून ते थांबले नव्हते. इमारतीच्या दारावर देणगीदारांची नावे कोरा, माझी हरकत नाही. पण फरशी बसवण्याआधी कपाट बसवा.

तिसरी मागणी आम्हा लिहिणाऱ्यांकडे. संमेलने भरतात, ठराव होतात, एकमेकांच्या पुस्तकांचे प्रकाशन होते. ती पुस्तके तीनशे-पाचशे प्रतींत छापली जातात, त्यातल्या निम्म्या भेट म्हणून वाटल्या जातात आणि मोहल्ल्यापर्यंत एकही पोहोचत नाही. समाज वाचत नाही अशी तक्रार करणारा लेखक आपल्या मोहल्ल्यातील पानपट्टीवाल्याला, शिलाई मशीनवाल्या बाईला, मदरशाच्या मौलवींना आपले पुस्तक नेऊन देतो का? त्यांना कळेल अशा मराठीत लिहितो का? वाचक नाही म्हणून रडणाऱ्यांनी वाचक शोधायला घराबाहेर पडावे. अत्तरवाला सुद्धा गल्लीत फिरतो.

निवृत्त माणसाला लोक विचारतात, "आता काय करता?" मी सांगतो, "वाचतो." ते म्हणतात, "ते झाले हो, पण काम काय करता?" या प्रश्नात आपला सगळा रोग आहे. वाचणे हे काम नाही, करमणूक आहे. आणि करमणूक तर मोबाईल करतोच. मी मानतो की, ज्या समाजाविषयी रोज इतके लिहिले जाते, बोलले जाते आणि ठरवले जाते, त्या समाजासाठी वाचणे हे सर्वांत तातडीचे काम आहे. आपल्याबद्दलचे कायदे लिहिले जातात, पाठ्यपुस्तके लिहिली जातात, बातम्या लिहिल्या जातात. न वाचणारा समाज या साऱ्याला दोनच प्रकारे उत्तर देऊ शकतो: गप्प बसून किंवा रस्त्यावर येऊन. पहिल्याने अपमान मुरतो आणि दुसऱ्याने आपलीच पोरे तुरुंगात जातात. तिसरा रस्ता कागदावरून जातो. तो लांबचा आहे, पण पोहोचणारा तोच आहे.

जमातीच्या पुढच्या बैठकीत मी पुन्हा अर्ज देणार आहे. वरच्या खोलीतील देगा खाली आणाव्यात आणि जिन्याखाली ठेवाव्यात, असा तो अर्ज आहे. तांब्या-ॲल्युमिनियमला ओल लागली तरी ती पुसता येते. हा अर्ज नामंजूर झाला तर मी तो त्यापुढच्या बैठकीत देईन. लेखा विभागातला माणूस आहे. आक्षेप निकाली निघेपर्यंत तो दरवर्षी पुढच्या पानावर ओढण्याची मला सवय आहे. ज्यांच्या गावात अशीच एखादी खोली भांड्यांनी भरलेली असेल, त्यांनीही असाच अर्ज द्यावा. आणि तोवर पुढच्या समारंभात कुणी 'इक्रा' म्हणून भाषण सुरू केले, तर पहिल्या रांगेतून उठून त्याला अदबीने विचारावे, "जनाब, काय वाचू? कुठे बसून वाचू?"